बारातलं एक चित्र

यवतमाळच्या वक्तृत्व स्पर्धेतून ढाल घेऊन आल्यापासून उर्वशीला आभाळ दोन बोटं उरलं होतं. आधीची उर्वशी वर्गात उभी राहिली की आपल्या चपलांशीच बोलायची. आताची उर्वशी मुख्याध्यापकांना मधेच अडवून म्हणायची, "सर, एक मुद्दा राहिला." मैत्रीण रुपालीनं तर तिचं नावच ‘माइकवाली बाई’ ठेवलं होतं. "हिच्यापुढं मडकं ठेवा, ही त्यालेही भाषण देईन अन् मडकं टाळ्या वाजवीन!"

म्हणूनच शाळेच्या प्रदर्शनासाठी ‘आपल्या गावाचा विसरलेला ठेवा’ असा विषय निघाला, तेव्हा अनघा मॅडमनी इकडंतिकडं न पाहता उर्वशीकडं बोट केलं. उर्वशीनंही विचारबिचार न करता सांगून टाकलं, "मॅडम, मी हलत्या बाहुल्यांचं दुकान घेते."

वर्ग खिदळला. पण त्या वेळी पुसदमधलं एखादं म्हातारं माणूस वर्गात असतं, तर ते हसलं नसतं.

‘हलत्या बाहुल्यांचं दुकान’ हे लोकांच्या तोंडचं नाव. पाटीवर होतं ‘गतिचित्र, पुसद’. चित्रकला शिकवणारे कमलाकर सर एकदा कसल्याशा प्रशिक्षणाला मुंबईला गेले आणि डोक्यात वारं भरून परत आले: चित्रं चालवायची. १९८४ साली त्यांनी पिठाच्या गिरणीवरची माडी घेतली, कुठूनसा सोळा मिलिमीटरचा जुना कॅमेरा पैदा केला, लोहाराकडून तो उलटा टांगायला लोखंडी चौकट करून घेतली. खाली गिरणी सुरू झाली की वर माडी थरथरायची आणि चित्रं हलायची. म्हणून कॅमेरा फक्त गिरणीच्या सुटीला, सोमवारी चाले. सहा दिवस चित्रं काढायची, सातव्या दिवशी एकेकाचा फोटो घ्यायचा. असं तेरा वर्षं चाललं. त्यातून सिनेमे निघाले सात, आणि सातही मिळून तासाभराचे नाहीत. ‘बिनधुराची चूल’, ‘नारूचा दोरा’, ‘बैल रुसला’, ‘बोंडअळीचं लगीन’, कळंबच्या चिंतामणीला निघून स्टँडवरच भांडत बसलेल्या नवराबायकोचा ‘एसटी चुकली’. आणखी एक कुष्ठरोगावरचा होता, त्याचं नाव कुणालाच आठवत नाही. आणि सगळ्यात शेवटी, १९९६ मध्ये, ‘फुलसावंगीचा बाजार’. नऊ मिनिटांचा, आणि त्यात एकशे बारा माणसं. एकही मनानं काढलेलं नाही. सगळी खरी, नावागावाची. सरांचा तसा हट्टच होता. "मनातून काढलेला माणूस मेलेला दिसतो," असं ते म्हणायचे.

कामाची रीतही न्यारी होती. सर माणूस बसलेला काढत आणि उभा राहिलेला काढत. तो बसल्याचा उभा झाला कसा, हे मधल्या बारा चित्रांत बायांनी काढायचं. पहिलं आणि शेवटचं सरांचं, मधलं बायांचं. या ‘मधल्या बायां’ची मुकादम म्हणजे प्रभावती, उर्वशीच्या बाबांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी ती त्या माडीवर चढली आणि स्टुडिओला कुलूप लागलं त्या दिवशी सगळ्यात शेवटी उतरली. आता साठीची प्रभावती आत्या त्यांच्याच घरात राहत होती, आणि माडीचा विषय निघाला की तिला हटकून काहीतरी काम आठवायचं.

सरांचा नातू क्षितिज पुण्यात होता, कॉम्प्युटरवर चित्रपट करणाऱ्या कंपनीत. त्यानं आजोबांच्या साती रिळांची धूळ झाडून ती कॉम्प्युटरवर उतरवली होती. उर्वशीनं फोन करताच त्यानं सगळं पाठवून दिलं. वर हसत म्हणाला, "कमाल काम आहे गं. एकच खोट आहे. प्रत्येक माणूस एकदा तरी झटका खातो. मधलं एक चित्र गायब असतं. आजोबा वैतागायचे, म्हणायचे, या बायकांना बारापर्यंत मोजता येत नाही. तेवढं सोडलं तर जगात कुठेही दाखवावं असं आहे."

उर्वशीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. *बारापर्यंत मोजता येत नाही.* तिची आत्या आठवीपर्यंत गणितात पहिली होती!

तिनं सिनेमे लावून पाहिले. खरंच होतं. बाई वाकायची, वाकता वाकता अचानक वाकलेलीच असायची. म्हातारा वळायचा, आणि मधेच कुणी ढकलल्यासारखा वळून झालेला असायचा. जणू प्रत्येकाला एकेक उचकी लागली होती. फक्त पहिल्या सिनेमात, ‘बिनधुराची चूल’मध्ये, उचकी नव्हती. त्यात सरांची बायको, सुहासिनीबाई, चूल फुंकते, उठते, पदराला हात पुसते, आत जाते, दार लावते. सगळं लोण्यासारखं.

आत्या ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. उर्वशी तिच्यापुढं फतकल मारून बसली.

"आत्या व, तुमच्यावाल्या फिल्लमीत मान्सं उचकी लागल्यावानी काहून करते?"

आत्याचा हात थांबला. "उचकी कोन म्हनते?"

"मीच म्हणते."

"मंग बरोबर म्हनते. आमी बी उचकीच म्हनो."

"म्हणजे तुमाले माहीत होतं? बाराची अकरा होऊन राह्यली तं कोणी बोललं कसं नाही? बाबा तं सांगते, आत्या गणितात पयली होती!"

"होतो ना. म्हनूनच अकरा." आत्यानं शेंगेतला किडका दाणा काढून दूर फेकला. "तुले इतिहास लिव्हाचा हाये नं पोरी? कोन्या साली कोनता सिनेमा, थे लिव्ह. उचकीले हात नोको लावू."

"पण काहून?"

"हे पाय, तुरीतून आळी निघून राह्यली. जा, सूप आन."

आता कोणतीही शहाणी मुलगी इथं गप बसली असती. पण उर्वशीला वाटलं, आत्या लाजतेय. चूक झाली ती झाली, म्हातारपणी कबूल कशी करणार? मग आपणच ती पुसून टाकली तर? प्रदर्शनाच्या दिवशी आत्या पहिल्या रांगेत बसेल, तिची माणसं पडद्यावर पाण्यासारखी चालतील, आणि बारापर्यंत मोजता येत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील. उर्वशीचं मन या चित्रानं एवढं फुगलं, की तिला सूप आणायचीही आठवण राहिली नाही.

आणि हल्ली अवघड काय असतं? शाळेच्या कॉम्प्युटरवर असं एक ॲप होतं, की दोन चित्रं दिली की मधलं ते आपोआप काढून द्यायचं. ज्या चित्रासाठी मधल्या बाया अर्धा दिवस कंबर मोडत, ते चहा निवायच्या आत तयार.

तिनं आधी ‘नारूचा दोरा’ घेतला, न गाळलेल्या पाण्यातून होणाऱ्या नारूच्या रोगावरचा, कारण त्यात उकंडाकाका होते. उकंडाकाका म्हणजे स्टुडिओचा कॅमेरा चालवणारा माणूस, आता अठ्ठ्याहत्तरचा. उर्वशीला अर्धा इतिहास त्यांनीच सांगितला होता, तोही पानटपरीच्या बाकड्यावर बसून, दर दोन वाक्यांनी थुंकत. सिनेमात ते पायविहिरीवर येतात, फडक्यातून पाणी गाळतात, पितात, एकदा मागं वळून पाहतात आणि उजवीकडून निघून जातात. चार ठिकाणी उचकी होती. उर्वशीनं चारही भरल्या.

सोमवारी तिनं ते वर्गात दाखवलं. तरणेबांड उकंडाकाका चालत आले, असे की पायाखालची माती दबल्यासारखी वाटली.

"अबे हा तं खराच चालून राह्यला!" रुपाली ओरडली.

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. एकच गोष्ट उर्वशीच्या डोळ्यांत खुपली. आधी काका नुसतं मागं वळून पाहायचे. आता मधलं चित्र भरल्यावर ते कुणाकडं तरी पाहत होते. कोणाकडं, ते पडद्यात दिसत नव्हतं.

मंगळवारी तिनं ‘बैल रुसला’मधल्या हंसाबाई भरल्या. हंसाबाई मधल्या बायांतल्याच, बंजारा तांड्यावरच्या, रंगाचा हात असा की सर त्यांना एकट्यांनाच चुकांवरून बोलत नसत. सिनेमात त्या बैलाच्या शिंगाला रंग देतात, हात धुतात, डोक्यावर पदर घेतात आणि ओट्यावर टेकतात. उर्वशीनं तो तुकडा त्यांच्या नातवाच्या, सेवादासच्या फोनवर पाठवला. उत्तर आलं, ‘पूर्ण तांड्यानं पाहिला. आजी आपले हात पाहत बसली.’ उर्वशीला वाटलं, आनंदानं.

बुधवारी सकाळी तिनं ‘फुलसावंगीचा बाजार’ मॅडमच्या हातात दिला. एकशे बारा माणसं, सगळ्यांच्या उचक्या भरलेल्या. गेल्या आठवड्यापासून रोज शाळा सुटल्यावर बसून केलेलं काम होतं ते. आत्या सोडून त्या एकशे बारांतली चौतीस माणसं अजून होती, उकंडाकाका आणि हंसाबाईही त्यांतच, असं बाबांनी आणि तिनं मिळून शोधून काढलं होतं. चौतिसांनाही तिनं स्वतःच्या अक्षरात आमंत्रणं धाडली होती. आत्यालाही. सिनेमात आत्या बांगड्यांच्या दुकानापुढं हात पुढं करते, बांगड्या भरते, हसते आणि पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालत जाते.

बुधवारीच दुपारी उकंडाकाका घरून निघाले आणि परत आले नाहीत.

संध्याकाळपर्यंत गल्ली गोळा झाली. बाबा, शेजारी, सगळे पानटपरीवाल्याभोवती उभे होते. उर्वशी बाबांच्या मागं होती.

"आता काय सांगू रवीभाऊ," टपरीवाला बाबांना म्हणाला, "आले. गढूळ हाये म्हणे पाणी. खिशातून रुमाल काढला, गिलासावर धरला, गाळून पेले. मी हासलो बी. म्हटलं, काका, फिल्टरचं पाणी हाये! गिलास ठेवला. मंग निघाले. थोडं गेल्यावर एकदा मागं वळून पाह्यलं, अन्..."

"अन् उजवीकडं गेले," उर्वशी म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. "तू पाह्यलं होतं?" बाबांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. तिचा आवाज, जो यवतमाळच्या सभागृहात माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचला होता, तो तिच्या स्वतःच्याच कानापर्यंत नीट आला नाही.

गुरुवारी शोध झाला, शुक्रवारी झाला. पूस नदीच्या काठानं पोरं फिरून आली. काहीच नाही. उर्वशीनं स्वतःला चांगलं रागावून घेतलं: म्हातारं माणूस, विसरभोळं झालं, कुठंतरी नातेवाइकाकडं बसलं असेल. पाणी गाळायची सवय जुनी. मागं वळून तर सगळेच पाहतात. असं म्हणत म्हणत तिनं प्रदर्शनाचे तक्ते रंगवले, आणि अकरा तक्ते झाल्यावर बारावा तिच्यानं लाववेना, तो तसाच गुंडाळून ठेवला.

शनिवारी अकराला कार्यक्रम. सकाळी आत्या पांढरंशुभ्र लुगडं नेसून तयार होत होती. कित्येक वर्षांनी कोणीतरी तिला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. आरशापुढं ती दोनदा केस विंचरायला बसली. तेवढ्यात फोन वाजला. सेवादासचा होता. आत्यानंच उचलला.

ऐकता ऐकता तिनं कंगवा खाली ठेवला. मग फोन खाली ठेवून म्हणाली, "हंसा गेली."

"कशी?" बाबा आतून आले.

"सकाळी आंगन सारवलं. हात धुतले. डोक्शावर पदर घेतला. ओट्यावर टेकली." प्रत्येक वाक्यानंतर आत्या थांबत होती. "तशीच बसून हाये म्हने. बाबू, तू तांड्यावर जा. मी कार्यक्रम झाला की येतो."

बाबा चपला घालून निघाले. आत्या उर्वशीकडं वळली. आरशातून नव्हे, सरळ.

"उर्वशी. तू त्या फिल्लमीले हात तं नाही लावला?"

आणि उर्वशी, जिला खोटं बोललं की कान लाल होतात म्हणून घरात सगळे हसायचे, ती पटकन म्हणाली, "नाही."

आत्यानं तिचे कान पाहिले नाहीत. ती पलंगावर बसली, आणि माडीवरची तेरा वर्षं अधिक पुढची अठ्ठावीस वर्षं जे तोंडातून काढलं नव्हतं ते बोलू लागली.

"पयली फिल्लम चुलीची. सुहासिनीबाईची सारी चित्रं मी काढली. बाराच्या बारा, एक कमी नाई. सर खूश. गावात दाखवली. आठव्या दिवशी मी त्याईच्या घरी कागद पोचवाले गेलती. बाई चुलीपाशी होत्या. फुंकर मारली. उठल्या. पदराले हात पुसले." आत्यानं आपला पदर हातात धरला आणि सोडला. "उर्वशी, मी थे हात ओळखले. कोपर किती वाकनार, बोटं कवा मिटनार, मले आधी मालूम. माह्यीच बारा चित्रं होती थे, एकामांगं एक. आत गेल्या, दार लावलं. थे दार मंग तोडाच लागलं."

"त्या आजारी असतील, आत्या."

"असतीन."

"आपण बौद्ध माणसं. आपण असलं मानतो का?"

"नाई मानत. मी आजही नाई मानत," आत्या शांतपणे म्हणाली. "पन गाळतो. मी अन् हंसानं ठरवलं. जिता मानूस काढाचा, तं त्याचं एक चित्र त्याच्यापाशीच राहू द्याचं. सगळं आपन काढून घेतलं तं तो पुरा झाला. पुरं झालेलं मानूस लोकाईनं पाह्यलं की मंग त्याचं काही बाकी नाई राहत. सर बोलाचे, बाराची अकरा कशी होते, तुमच्या लोकाईले मोजता येत नाई का? आमी खाली पाहून म्हनो, चुकलं सर." ती उठली, लुगड्याच्या निऱ्या झटकल्या. "चाल. उशीर होऊन राह्यला."

"तू ये हळूहळू. मी सायकलनं पुढं जाते," उर्वशी म्हणाली, आणि चप्पल पायात अडकवता अडकवता धावली.

खरं सांगायला एक श्वास पुरला असता. पण ‘नाही’ म्हणून झालं होतं. वाटेत तिनं क्षितिजला फोन लावला. "दादा, बाजारची जुनी फाइल आत्ता पाठव. उचकीवाली. आत्ता!" तो म्हणाला, "अगं मी बाहेर आहे, हार्ड डिस्क घरी. रात्री देतो ना. का? तू भरलेली तर मस्त झालीये, मॅडमनी मला पाठवली."

शाळेचं सभागृह ठासून भरलं होतं. मधल्या वाटेत बाकावर प्रोजेक्टर, त्याला जोडलेला लॅपटॉप. पहिल्या दोन रांगांत ती माणसं होती. फुलसावंगीहून जीप करून आलेली, फेटे बांधलेली, नवी लुगडी नेसलेली, एकमेकांना कोपरानं ढोसत, "माह्या डोक्शावर त्या टायमाले केस होते, पाहजा!" म्हणून हसणारी चौतीस माणसं. नव्हे, बत्तीस. उकंडाकाकांची आणि हंसाबाईंची खुर्ची रिकामी होती.

"मॅडम, सिनेमा नका लावू," उर्वशी मॅडमचा हात धरून म्हणाली. "बिघाड आहे त्यात."

"काल तर मी पाहिला, छान आहे. आता घाबरू नकोस हं, तुझीच मेहनत आहे."

"मॅडम, माणसं मरतील."

अनघा मॅडमनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही. जा, लॅपटॉपपाशी बस. पाहुणे आले."

आत्या आली. टाळ्या झाल्या. ती पहिल्या रांगेत मधोमध बसली. खिडक्यांचे पडदे ओढले गेले, आणि भर दिवसा सभागृह काळंभोर झालं.

पडद्यावर बाजार भरू लागला. कांद्याची रास, बोंबलाचा ढीग, तराजू धरलेला हात. पहिला म्हातारा तराजू उचलू लागला, अगदी सुरळीत, आणि पुढच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "अरे, देवीलाल, तूच नं बे?" तो खुर्चीत हसत होता आणि त्याचा उजवा हात, नकळत, तराजू धरल्यासारखा हळूहळू वर येत होता.

उर्वशीनं लॅपटॉपवरचं उजव्या बाणाचं बटण दाबलं. सिनेमा पाच सेकंद पुढं उडाला. देवीलालकाकाचा हात खाली पडला.

मग तिला दुसरं काही दिसेना. बटण, पडदा, बटण. बाई भाजी पारखायला वाकली, उडवलं. पोर झोळीतून डोकं काढतंय, उडवलं. एक चित्र नाही तर नाही, साठ-साठ चित्रं गाळत होती ती. सभागृहात आधी कुजबुज झाली, मग हशा. "मशीन खराब झाली काय?" "अवो, माह्या बुढा गेला नं तिकडं, मांगं घ्या जरा!" रुपालीचाही आवाज आला, "माइकवाली बाई, काय करून राह्यली तू?" उर्वशीचे कान, गाल, मान, सगळं पेटलं होतं, आणि तिला कळत होतं की सहा मिनिटांत तिनं महिन्याभराची सगळी इज्जत धुळीला मिळवली होती. तरी बटण, पडदा, बटण.

"पुरे!" अनघा मॅडमनी लॅपटॉप तिच्या हाताखालून ओढून घेतला. "काय चाललंय उर्वशी? लोक काय म्हणतील?"

आणि पडद्यावर बांगड्यांचं दुकान आलं.

एकतीस वर्षांची प्रभावती हात पुढं करत होती. बांगड्या एकेक करून चढत होत्या. पुढच्या रांगेत साठ वर्षांची प्रभावती अंधारात ताठ झाली. तिनं ओळखलं होतं. तेरा वर्षं ज्या बाईनं मोजलं, तिला एका नजरेत कळलं असणार की इथं बारा आहेत. ती मागं वळली नाही. तिचा हात मात्र पुढं येऊ लागला, तळवा वर, बोटं मिटलेली.

उर्वशी बाकावरून उडी मारून प्रोजेक्टरच्या झोतात शिरली.

पडद्यावर प्रभावती हसली आणि चालू लागली. तिच्यावर उर्वशीची सावली पडली. काळी, मोठी, दोन वेण्यांची. प्रभावती पुढं सरकली तशी उर्वशीही सरकली. तिला झाकायचं तर तिच्याच चालीनं चालायला हवं होतं, ना भरभर ना हळू. म्हणून डोळे पडद्यावर रोखून, पाय फरशीवर जपून टाकत, खुर्च्यांना धक्का लागू न देता, उर्वशी सभागृहाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेली. कुणी हसलं नाही. तीनशे माणसं श्वास धरून पाहत होती. सावली पडद्याच्या कडेला पोचली आणि बाहेर गेली. तिच्याबरोबर प्रभावतीही. मग बाजार रिकामा होऊ लागला, पालं खाली उतरली, सिनेमा संपला.

पडदे सरकले. ऊन आत आलं. आत्या खुर्चीत होती, हात मांडीवर, जिवंत, डोळे उघडे. उर्वशीला एकदम हसूच फुटलं.

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, शेवटचं ते चालणं कार्यक्रमातच होतं. पाहुणेही उठून उभे राहिले. अनघा मॅडमही गोंधळून वाजवू लागल्या. "वा, काय सावली चालली पोरीची! एकदम सिनेमाच!" फेटेवाला देवीलाल म्हणाला.

आत्या टाळ्या वाजवत नव्हती. ती उठली, गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं उर्वशीचं मनगट धरलं. हात बर्फासारखा होता.

"आत्या, मी खोटं बोलली. मीच भरलं होतं सगळं. पण तुले झाकलं नं मी? तू नाही दिसली नं कोणाले?"

"मी नाई दिसली," आत्या म्हणाली. "तू दिसली. पुरी दिसली. चालता चालता मधात कुठी थांबली होतीस का व?"

"काय?"

"आठव नीट. ठेच लागली असन. पाय अडकला असन. एखांदं पाऊल चुकलं असन. काहीबी."

उर्वशी आठवू लागली. गुळगुळीत फरशी. जपून टाकलेला एकेक पाय. खुर्चीला धक्का लागू दिला नव्हता, वेणीही हलू दिली नव्हती. आयुष्यात कधी नव्हे एवढं ती नेटकं चालली होती.

"नाही," ती म्हणाली.

आत्यानं तिचं मनगट आणखी घट्ट धरलं आणि तिला बाहेर काढलं. मागून रुपाली हाका मारत होती, मॅडम प्रमाणपत्र घेऊन जा म्हणत होत्या. दोघी फाटकातून रस्त्याला लागल्या. सायकल तिथंच राहिली.

अकरा पावलं गेल्यावर आत्या म्हणाली, "थांब."

उर्वशी थांबली. समोरून जिनिंगकडं जाणारी कापसाची गाडी गेली. आत्यानं तिला पुढं ओढलं. पुन्हा अकरा पावलं. "थांब."

"काय झालं व प्रभावतीबाई?" औषधाच्या दुकानातून कुणीतरी विचारलं. "पोरीचा पाय मुरगळला काय?"

"हो," आत्या म्हणाली.

पुलापर्यंत यायला त्यांना अर्धा तास लागला. उर्वशीनं खाली पाहिलं नाही, मागं वळून तर मुळीच नाही.

"आत्या," तिनं अगदी हळू विचारलं, "असं किती दिवस चालाचं?"

आत्या पुलाच्या पलीकडं पाहत होती. तिचे ओठ हलत होते, कसलातरी हिशेब चालल्यासारखे.

"थांब," ती म्हणाली.